लाइट आली पण सर्व्हर उठला नाही: कॉन्फिग फाईल सांभाळायची पद्धत

कोकणात छोटे सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पतपेढीच्या ऑफिसात कपाटाशेजारी ठेवलेला एक लिनक्सचा डबा असू दे, आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेणारं अ‍ॅप असू दे, नाहीतर मालवणातल्या होमस्टेचं बुकिंग चालवणारा मुंबईतला व्हीपीएस, म्हणजे भाड्याने घेतलेला व्हर्च्युअल सर्व्हर, असू दे. मोठ्या कंपनीत कॉन्फिग, म्हणजे सर्व्हरची सेटिंग, बघायला वेगळी टीम असते, आपल्याकडे जो प्रिंटर दुरुस्त करतो तोच सीसीटीव्ही बघतो आणि सर्व्हर पण त्याच्याच गळ्यात असतो. म्हणून एका माणसाला रोजच्या कामात जमेल एवढंच सांगतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कुठलंही सेटिंग तीन जागी असतं: डिस्कवरच्या फाईलमध्ये, चालू असलेल्या सर्व्हिसच्या मेमरीत, आणि तुम्ही लिहून ठेवलंय तिथे, म्हणजे गिटमध्ये (फाईलच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल) किंवा वहीत. या तिन्ही जागा एकच सांगत असल्या पाहिजेत, बाकी सगळी कामं त्याच्यासाठीच करायची. आणि आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं का, तर आपल्याकडे लाइट जाते. पहिला वळीव आला, झाडाची फांदी तारेवर पडली, दोन तासांनी यूपीएस पण संपला की मेमरीत जे होतं ते गेलं, आणि लाइट आल्यावर मशीन डिस्कवरची फाईल वाचूनच उठणार. त्या फाईलमध्ये फेब्रुवारीत कोणीतरी अर्धवट केलेला बदल पडून असेल तर तो इतके महिने कोणाला दिसलेला नसतो, कारण सर्व्हिस जुनंच सेटिंग घेऊन व्यवस्थित चालू होती, आणि दिसतो तो नेमका जूनमध्ये रात्री दोनला, जेव्हा फोनला पण रेंज नसते.

उलटं पण होतं. कोणीतरी कमांड मारून थेट मेमरीत बदल केलेला असतो, उदाहरणार्थ फायरवॉलचा एक नियम आयपीटेबल्सने टाकला, किंवा सिसकंट्रोलला डब्ल्यू लावून (म्हणजे कमांडपुढे -w पर्याय देऊन) कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, एखादं सेटिंग वाढवलं, आणि काम झालं म्हणून विषय सोडून दिला. रीबूट झाला की ते दोन्ही गायब. आयपीटेबल्सचे नियम टिकवायचे तर ते सेव्ह करून बूटला परत लोड व्हायला हवेत, डेबियन-उबंटूवर त्यासाठी नेटफिल्टर-पर्सिस्टंट आहे, आणि कर्नलची सेटिंग ईटीसीमधल्या (लिनक्सवर सेटिंगच्या फाईल जिथे असतात तो फोल्डर) सिसकंट्रोल-डॉट-डी फोल्डरात स्वतःची एक फाईल करून टाकायची. नियम साधा ठेवा: कमांडने काही बदललं तर त्याच दिवशी ते फाईलमध्ये पण गेलंच पाहिजे.

आता तुमच्या सर्व्हरवर असं काही लपलंय का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. अपटाइम कमांडला एस लावलं की मशीन शेवटचं कधी बूट झालं ती तारीख-वेळ मिळते. मग फाइंड कमांडला ईटीसी फोल्डर द्या आणि न्यूअर-एमटी हा पर्याय लावून ती तारीख द्या, म्हणजे त्या वेळेनंतर बदललेल्या सगळ्या फाईल समोर येतात. यातली एकही फाईल अजून बूटच्या परीक्षेला बसलेली नाही. एकेक उघडा, कोणी बदलली, का बदलली, सर्व्हिसला रीलोड (बंद न करता फाईल परत वाचायला लावणं) दिला होता का, हे शोधा. जिथे उत्तर मिळत नाही तिथून कामाला लागा. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांची आणखी सोय आहे, पीजी-सेटिंग्ज नावाच्या व्ह्यूमध्ये पेंडिंग-रीस्टार्ट असा कॉलम असतो, फाईलमध्ये बदललंय पण रीस्टार्टशिवाय लागू होणार नाही असं काही असेल तर रीलोड दिल्यावर तिथे ट्रू दिसतं. आणि पोस्टग्रेसमध्ये अजून एक बघा: कोणी अल्टर-सिस्टम कमांडने सेटिंग बदललं असेल तर ते ऑटो-डॉट-कॉन्फ नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये जातं आणि ती फाईल मुख्य फाईलवर वरचढ ठरते, त्यामुळे मुख्य फाईलमध्ये कितीही बदला, फरक पडत नाही आणि माणूस तासभर डोकं आपटत बसतो.

एफएसटॅबबद्दल, म्हणजे बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या फाईलबद्दल, वेगळं सांगतो कारण लाइटीच्या भानगडीत सगळ्यात जास्त दगा हीच फाईल देते. बॅकअपसाठी यूएसबीची हार्ड डिस्क लावलेली असते, तिची ओळ एफएसटॅबमध्ये टाकलेली असते, मग कोणीतरी ती डिस्क काढून घरी नेतो, आणि चालू मशीनवर काहीच बिघडत नाही. पुढच्या बूटला मात्र सिस्टमडी (बूटला सगळ्या सर्व्हिस चालू करणारा प्रोग्रॅम) त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतं आणि मग सरळ इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) नाही, काही नाही, कीबोर्ड-मॉनिटर लावायला माणूसच तिथे गेला पाहिजे. तुम्ही कुडाळला आणि डबा देवगडला असेल तर भर पावसात ती फेरी पडते. मशीन उठायला जी डिस्क गरजेची नाही तिच्या ओळीत नो-फेल हा पर्याय टाका, आणि एफएसटॅबला हात लावला की लगेच फाइंड-माउंटला व्हेरिफाय लावून तपासा, मग माउंटला ए लावून प्रत्यक्ष बघा.

बदल करताना

बऱ्याच सर्व्हिसकडे स्वतःची फाईल तपासायची सोय असते आणि ती न वापरता रीस्टार्ट करणं हे मला अजिबात पटत नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला लहान टी लावा, तो व्याकरण तपासून देतो. मोठा टी लावला तर सगळ्या इन्क्लूड केलेल्या फाईलसकट पूर्ण कॉन्फिग छापून देतो, कुठली ओळ कुठून येतेय हे शोधायला फार उपयोगी, फक्त एक लक्षात ठेवा की तो डिस्कवरचं वाचून दाखवतो, मेमरीतलं नाही. अपाचेला कॉन्फिग-टेस्ट आहे, एसएसएचडीला लहान टी आहे, सुडोअर्सची (अ‍ॅडमिनचे हक्क कोणाला ते ठरवणारी) फाईल तर विसुडोशिवाय कधीच उघडू नका, एचए-प्रॉक्सीला सी, पोस्टफिक्सला चेक. आपापल्या सर्व्हिसची तपासायची कमांड त्या फाईलच्या पहिल्या ओळीतच कॉमेंट म्हणून लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या माणसाला शोधायला नको.

तपासून झालं की रीस्टार्ट नाही, रीलोड. एनजिनएक्सला रीलोड दिला आणि फाईल चुकलेली असली तरी तो नवीन कॉन्फिग नाकारतो आणि जुन्यावर चालू राहतो, रीस्टार्ट दिलात तर आधी बंद होणार आणि मग चालूच होणार नाही. सिस्टमडीची युनिट फाईल बदलली असेल तर आधी डेमन-रीलोड द्यायचं, नाहीतर सिस्टमडी जुनीच प्रत धरून बसतं.

लांबच्या सर्व्हरवर काम करताना टीमक्स नाहीतर स्क्रीनच्या आत करा. गुहागर-दापोलीकडच्या ज्यांचं नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं त्यांना हे वेगळं सांगायला नको, अर्ध्या अपग्रेडमध्ये कनेक्शन तुटलं तर टीमक्समध्ये काम चालूच राहतं, परत लॉगिन करून तिथूनच पुढे. एसएसएचचं सेटिंग बदलताना एक जुनं सेशन उघडं ठेवायचं, दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघायचं, ते झालं तरच पहिलं बंद करायचं. नेटवर्कचं सेटिंग उबंटूवर असेल तर नेटप्लॅन अप्लाय न मारता नेटप्लॅन ट्राय मारा, 120 सेकंदात तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाहीत तर ते आपोआप जुन्यावर परत येतं.

एसएसएचमधली एक गोष्ट नेहमी चकवते. या फाईलमध्ये एखादं सेटिंग दोनदा आलं तर पहिलं आलेलं लागू होतं, शेवटचं नाही. आणि उबंटूच्या मुख्य फाईलमध्ये वरच एक इन्क्लूड असतं जे डॉट-डी फोल्डरातल्या फाईल आधी वाचतं. क्लाउडवरच्या बऱ्याच मशीनवर त्या फोल्डरात क्लाउड-इनिटची (पहिल्या बूटला मशीन तयार करून देणाऱ्या टूलची) एक फाईल असते आणि तिच्यात पासवर्ड लॉगिन चालू केलेलं असू शकतं. म्हणजे तुम्ही मुख्य फाईलमध्ये पासवर्ड लॉगिन बंद केलंत, समाधानाने झोपलात, आणि प्रत्यक्षात ते उघडंच. एसएसएचडीला मोठा टी लावून शेवटी काय लागू होतंय ते डोळ्याने बघा.

गिटमध्ये कसं ठेवायचं

ईटीसी-कीपर नावाचं छोटं टूल आहे, ते टाका. डेबियन-उबंटूवर इन्स्टॉल केलं की ते पूर्ण ईटीसी फोल्डर गिटमध्ये घेतं, पॅकेज टाकलं-काढलं की आपोआप कमिट (बदलाची नोंद) करतं, रोज एकदा पण करतं. साध्या गिटपेक्षा हे का, तर गिट फाईलचा मालक कोण आणि परमिशन काय हे पूर्ण लक्षात ठेवत नाही, फक्त एक्झिक्युट करता येते की नाही एवढंच ठेवतं, ईटीसी-कीपर बाकीची माहिती वेगळी नोंदवतं. पण सावध राहा, यात शॅडो फाईल पण जाते, म्हणजे पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप). त्यामुळे हा रेपो (गिटचा साठा) बाहेर कुठे ढकलायचा नाही, प्रायव्हेट असला तरी नाही. बाहेर न्यायचं ते आपण हाताने लिहिलेल्या फाईलचा वेगळा रेपो करून न्यायचं.

रोजच्या कमिटवर विसंबू नका, स्वतः बदल केलात की स्वतः कमिट करा, कारण ऑटोमॅटिक कमिटमध्ये काय बदललं ते कळतं, का बदललं ते कळत नाही.

गिट आलं की ती बॅक, ओल्ड, न्यू, फायनल, फायनल-2 अशी नावं लावलेल्या प्रती ठेवायची सवय सोडा. ती नुसती कुरूप नाही, धोकादायक आहे. डेबियनच्या एनजिनएक्समध्ये साइट्स-एनेबल्ड फोल्डरातली प्रत्येक फाईल लोड होते, नाव काहीही असो. तिथे तुम्ही डॉट-बॅक म्हणून प्रत ठेवलीत तर ती पण चालू साइट म्हणून वाचली जाते, मग एकाच नावाच्या दोन साइट होतात आणि कुठली लागू होईल ती होईल. याच्या बरोबर उलट सुडोअर्स-डॉट-डी फोल्डरात नावात टिंब असलेली फाईल वाचलीच जात नाही, क्रॉन-डॉट-डीमध्ये (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांचा फोल्डर) डेबियनवर तसंच. म्हणजे तिथे नावाला डॉट-कॉन्फ लावलंत तर नियम टाकलाय असं वाटतं आणि तो कधीच लागू होत नाही.

शक्य असेल तिथे पॅकेजने दिलेली मूळ फाईल बदलू नका, शेजारच्या डॉट-डी फोल्डरात आपली छोटी फाईल टाका. सिस्टमडीसाठी तर सिस्टम-सीटीएल एडिट कमांड हेच करून देते. फायदा अपग्रेडच्या वेळी कळतो: मूळ फाईल तुम्ही बदललेली असेल तर डेबियन मध्येच थांबून विचारतं, तुमची ठेवू की नवीन घेऊ, आणि घाईत माणूस काहीतरी दाबतो. तिथे डी दाबलं की दोन्हीतला फरक दिसतो, तो बघूनच ठरवा. अपग्रेडनंतर ईटीसीत डीपीकेजी-डिस्ट किंवा डीपीकेजी-ओल्ड असं शेपूट लावलेल्या फाईल राहिल्यात का ते शोधा, रेडहॅटच्या घराण्यात आरपीएम-न्यू आणि आरपीएम-सेव्ह असतात. निकाल लावून त्या काढून टाका.

का ते लिहा

कॉमेंटमध्ये काय केलंय ते लिहून उपयोग नाही, ते खालच्या ओळीत दिसतंच. का केलं, कधी केलं, आणि कधी काढायचं ते लिहा. एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. होमस्टेचे मालक मोबाईलवरून खोल्यांचे फोटो चढवतात, आजकालच्या फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, आणि एनजिनएक्समध्ये अपलोडची मर्यादा मुळात 1 एमबी असते, त्यामुळे 413 एरर येते आणि मालक म्हणतो साइट बंद आहे. उपाय एका ओळीचा आहे, मर्यादा वाढवायची. पण ती ओळ अशी दिसली पाहिजे:

# मोबाईलचे फोटो 5 एमबीपर्यंत येतात, मर्यादा 1 एमबी असताना 413 यायची.
# 12 एमबी पुरे. याच्या वर नेऊ नका, डिस्क लहान आहे.
# पीएचपीची अपलोड मर्यादा पण वाढवावी लागते, ती पीएचपी-आयएनआयमध्ये.
# अ‍ॅपमध्ये फोटो लहान करून पाठवायची सोय आली की हे काढा.

चार ओळी आहेत पण दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला यातून सगळं कळतं, कुठल्या लक्षणामुळे केलं, आकडा कुठून आला, अजून कुठे हात लावावा लागेल आणि कधी काढून टाकायचं. नुसतं "लिमिट वाढवली" लिहिलेलं असेल तर तो माणूस पुढच्या तक्रारीला 100 एमबी करून मोकळा होईल.

इथे वाचायला देवनागरीत लिहिलंय, फाईलमध्ये मात्र मराठीच लिहा पण रोमन अक्षरात टाइप करा. एसएसएचमधून देवनागरी दिसेल, पण मशीन इमर्जन्सी मोडला गेलं आणि थेट मॉनिटर लावून बघावं लागलं तर लिनक्सच्या साध्या कन्सोलवर देवनागरी वाचता येत नाही, नेमकं ज्या वेळी कॉमेंट सगळ्यात जास्त हवी असते त्या वेळी.

अजून एक, व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉन्फिगच्या ओळी पाठवणं बंद करा. मोबाईलचा कीबोर्ड किंवा मधलं एखादं अ‍ॅप सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, दोन डॅशची एक लांब रेघ होते, आणि डोळ्याला सगळं बरोबर दिसतं पण सर्व्हिस ओरडते. पाठवायचंच असेल तर टेक्स्ट फाईल जोडून पाठवा. विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केलेल्या फाईलचं ओळीचं शेवट बदलून आलंय का तेही बघा.

पासवर्ड आणि की गिटमध्ये घालायच्या नाहीत. त्यांची वेगळी फाईल, मालक ती सर्व्हिस, परमिशन 600, आणि गिटमध्ये फक्त नमुना फाईल ज्यात नावं आहेत पण त्यांच्यापुढची जागा रिकामी. चुकून एखादा पासवर्ड रेपोत गेलाच तर पुढच्या कमिटमध्ये पुसून तो जात नाही, इतिहासात राहतो. पासवर्डच बदला, लगेच.

कागदपत्रं कुठे ठेवायची

प्रत्येक सर्व्हरसाठी एक रीडमी (माहितीची साधी फाईल) पुरते, मोठी विकी नको, ती कोणी अपडेट करत नाही. त्यात हे असलं पाहिजे: मशीन कुठे ठेवलंय आणि किल्ली कोणाकडे, त्यावर काय काय चालतं आणि कोणासाठी, कुठल्या फाईल आपण बदलल्यात, प्रत्येक सर्व्हिसची तपासायची आणि रीलोडची कमांड, बॅकअप कुठे जातो आणि तो परत कसा आणायचा, डोमेन आणि सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे, आणि लाइट येऊन मशीन उठल्यावर कुठल्या क्रमाने काय बघायचं. शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो बहुतेक वेळा तुम्ही नाही, ऑफिसातली दुसरीच कोणी व्यक्ती फोनवर तुमचं ऐकून करणार असते.

ही रीडमी त्याच सर्व्हरवर ठेवून चालणार नाही. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळं साधारण सहा तास बंद होतं ते आठवत असेल, आपल्याकडे रात्र होती. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं मुख्य नेटवर्क तुटलं, जे टूल अशी चुकीची कमांड अडवायला होतं त्यातच बग होता, आणि दुरुस्तीला लागणारी त्यांची आतली टूल्स पण त्याच नेटवर्कवर असल्यामुळे ती पण बंद. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होतं तर आपली रीडमी, आपला पासवर्ड मॅनेजर आणि आपला गिट सर्व्हर एकाच डब्यात ठेवणं नको.

आणि एकाच गावात पण नको. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानं-ऑफिसं पाण्याखाली गेली, मशीन आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरची बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच पाण्यात. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे मशीन शाबूत असलं तरी कितीतरी दिवस लाइटच नव्हती. पहिल्या वेळी दुसऱ्या गावात प्रत हवी, दुसऱ्या वेळी मशीन उचलून दुसरीकडे चालू करता आलं पाहिजे, आणि त्यासाठी डेटाचा बॅकअप एकटा पुरत नाही, डेटाबेस आहे पण त्याचं कॉन्फिग नाही, कुठली आवृत्ती होती माहीत नाही, असं झालं की दोन दिवस त्यातच जातात. म्हणून कॉन्फिगचा रेपो आणि इन्स्टॉल असलेल्या पॅकेजची यादी डेटाबरोबरच बाहेर गेली पाहिजे. रीडमीची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवा, नुसता कागद आपल्या पावसाळ्यात ऑगस्टपर्यंत मऊ पडून शाई पसरते. त्यावर पासवर्ड लिहू नका, पासवर्ड कुठे मिळतील एवढंच लिहा.

अ‍ॅन्सिबल (एका जागेवरून अनेक मशीनवर कॉन्फिग पाठवणारं टूल) वगैरे कधी घ्यायचं असं बरेच जण विचारतात. सारखंच कॉन्फिग असलेली तीन-चार मशीन झाली की घ्या, त्याआधी घाई नको. घेतलंत तर चेक आणि डिफ हे दोन पर्याय लावून आधी कोरडं चालवून बघा, टेम्प्लेटमध्ये व्हॅलिडेटची ओळ द्या म्हणजे चुकीची फाईल जागेवर जाणारच नाही, आणि आधी एकाच मशीनवर सोडा, एक दिवस बघा, मग बाकीच्यांवर. आणि त्यानंतर सर्व्हरवर जाऊन हाताने फाईल बदलायची नाही, कारण पुढच्या वेळी अ‍ॅन्सिबल ती पुसून टाकणार. हे सगळ्यांना माहीत असावं म्हणून प्रत्येक फाईलच्या डोक्यावर तशी ओळ टाका.

मे अखेरचं काम

घरात पावसाळ्याची बेगमी करतो तशी सर्व्हरची पण करायची. आंबा आटोपला, ऑर्डरी थंडावल्या की मृगाच्या आधी एक दिवस ठरवा, पतपेढी असेल तर सुट्टीचा दिवस. बॅकअप घ्या, कमिट न झालेलं काही आहे का ते गिट स्टेटसने बघा, आणि मग मुद्दाम रीबूट करा. तुम्ही समोर असताना, दिवसाढवळ्या, नेट चालू असताना. उठल्यावर सिस्टम-सीटीएलला फेल्ड लावून कुठली सर्व्हिस पडलीय ते बघा, फायरवॉलचे नियम परत आलेत का, डिस्क माउंट झाल्यात का, घड्याळ बरोबर आहे का, जुन्या डब्यात मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो आणि लाइट गेली की तारीख मागे जाते, मग सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणून सगळं अडतं.

नंतर रीडमी दुसऱ्या कोणाच्यातरी हातात द्या, ज्याने हा सर्व्हर कधी बघितलेला नाही, आणि त्याला एका रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर फक्त रेपो, रीडमी आणि बॅकअप घेऊन सगळं उभं करायला सांगा. तुम्ही शेजारी बसा पण बोलू नका. तो जिथे अडेल आणि तुमच्याकडे बघेल ती जागा लिहून घ्या, त्याच संध्याकाळी रीडमीत ती ओळ घाला, आणि नवीन प्रत छापून पाकिटातली जुनी काढून टाका.